स्त्रियांच्या केसगळतीची कुळकथा

प्राण्यांच्या उत्पत्तीविषयी ॲरिस्टॉटलने जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने एक निर्णय देऊन टाकला आहे. टक्कल मुलांना पडत नाही, खच्ची केलेल्या पुरुषांना पडत नाही आणि स्त्रियांनाही पडत नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या सूत्रसंग्रहातही खच्ची केलेल्या पुरुषांविषयी हेच सांगितले आहे. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांचा विचार करताना इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या या नावांनी केस जाण्याचा प्रकार वर्णिला. रोमकूपातील पित्त वाताशी मिळून केस पाडते, आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवून टाकतो, म्हणून तेथे पुन्हा केस उगवत नाही, अशी त्याची उपपत्ती आहे. यात स्त्रीपुरुष हा भेद नाही. तो पुढे टीकाकारांनी आणला. विदेहाच्या नावावर त्यांनी असे मत नोंदवून ठेवले की, स्त्रिया अत्यंत सुकुमार असतात, त्यांचे दूषित रक्त दरमहा वाहून जाते आणि त्या श्रम करीत नाहीत. सबब त्यांना खालित्य होत नाही.

स्त्रिया श्रम करीत नाहीत, हे ज्याने लिहिले त्याच्या घरी दळण कोण दळीत होते आणि पाणी कोण भरीत होते, हा प्रश्न आम्ही येथे सोडून देतो. आम्हाला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. ग्रीस आणि भारत या दोन दूरच्या देशांतील विद्वान एकाच निष्कर्षावर आले, आणि तो निष्कर्ष निम्माच खरा होता. पुरुषाचे टक्कल जसे कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरत जाऊन शेवटी कानांवरची झालर तेवढी ठेवते, तसे स्त्रीच्या बाबतीत क्वचितच घडते, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. परंतु पुरुषाच्या डोक्याचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ते स्त्रीकडे पाहत होते. तो नमुना तिच्या डोक्यावर दिसला नाही, तेव्हा तिचे केस जातच नाहीत असे त्यांनी ठरविले.

याचा परिणाम काय झाला ते पाहिले पाहिजे. स्त्रियांचे केस तेव्हाही गळत होते आणि आजही गळतात. पण जी गोष्ट शास्त्राच्या पोथीत नाही, तिचे कारण शरीरात शोधण्याचे कारणच उरत नाही. मग ते कारण शोधले जाते त्या स्त्रीच्या वागण्यात. तिने तेल लावले नाही, तिने ओले केस बांधले, तिला कोणाची दृष्ट लागली, तिने साबण बदलला, ती फार काळजी करते, ती अजिबात काळजी घेत नाही. केस गळणाऱ्या बाईला तिच्या घरात व शेजारात जे ऐकावे लागते त्याची ही यादी आहे, आणि ती श्रोत्यांपैकी कोणालाही अपरिचित नसेल. खरी कारणे एकेक करून कशी सापडत गेली, आणि ती सापडूनही ही यादी का संपत नाही, हे सांगण्याचा आमचा आजचा उद्देश आहे.

प्रथम केसाचा स्वभाव जाणून घेऊ. केस गवतासारखा सतत वाढत राहतो अशी सामान्य समजूत असते. तसे नाही. १९२४ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी शरीराच्या निरनिराळ्या भागांवरील केसांच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९२६ साली एफ. डब्ल्यू. ड्राय याने उंदराच्या लोमांचा अभ्यास करताना या आयुष्यक्रमाच्या तीन अवस्थांना नावे दिली. वाढीची अवस्था ती ॲनाजेन, उताराची ती कॅटाजेन आणि विश्रांतीची ती टेलोजेन. हीच नावे आज मनुष्याच्या केसांनाही लावतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतील शेकडा ८५ ते ९० कोणत्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात, आणि ती अवस्था दोनपासून सहा वर्षेपर्यंत टिकते. या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. मग थोड्या आठवड्यांचा उतार, आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. या हिशेबाने निरोगी डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळणे हे अगदी रीतसर आहे. फणीत केस दिसले की धसका घेणाऱ्या मुलींनी एवढे गणित ध्यानात ठेवले तरी त्यांची बरीचशी झोप वाचेल.

आता या गणितात बिघाड कसा होतो ते पाहू. वाढीच्या अवस्थेतील पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत गेले, तर लगेच काहीच दिसत नाही. ते केस आपल्या जागी असतात, विंचरताना नेहमीसारखे लागतात. तीन महिन्यांनी मात्र ते सगळे एकदम हातात येऊ लागतात. मुदतीच्या तापाने केस जातात, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर केस गळाल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२० व २०२१ च्या करोनाच्या साथीनंतर तर आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घरातच घेतला. परंतु ताप आणि केसगळती यांच्यामध्ये एवढा काळ का जातो, याचा उलगडा १९६१ साली आल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने नीटपणे केला, आणि या विकाराला त्याने टेलोजेन एफ्ल्युव्हियम हे नाव दिले. मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया, एकाएकी उपासमार करून वजन उतरविणे, जबर मानसिक धक्का, ही सारी कारणे याच वाटेने काम करतात.

बाळंतपणाची गोष्टही याच वाटेवरची आहे. १९६० साली येल्व्हा लिनफील्ड या डॉक्टरबाईंनी गरोदरपणातील केसांच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणात विश्रांतीतील केसांचे प्रमाण कमी होते आणि प्रसूतीनंतर ते वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे पोटात मूल असताना जे केस गळावयाचे ते गळत नाहीत, आणि मूल झाल्यावर ते सगळे मिळून आपला हिशेब चुकता करतात. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की आईच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात ते यामुळे. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते व केस परत येतात. परंतु त्या चार-सहा महिन्यांत ओल्या बाळंतिणीला दूध कमी पडते म्हणून, खाणे चुकले म्हणून, डोक्यावर पाणी लवकर घेतले म्हणून जी बोलणी खावी लागतात, ती परत घेता येत नाहीत. येथे एक अपवाद सांगावयास हवा. काही स्त्रियांत, विशेषतः तिशी ते साठी या वयात, असे गळणे वर्षानुवर्षे चालू राहते. कमी होते आणि पुन्हा वाढते. १९९६ साली डेव्हिड व्हायटिंग याने या चिवट प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. यातही पूर्ण टक्कल पडत नाही, हे सांगितले तर रुग्णाचे निम्मे दुःख हलके होते.

एवढा वेळ आपण एकदम येणाऱ्या गळतीविषयी बोललो. दुसरा प्रकार हळूहळू येणारा. पहाटेचे चांदणे जसे केव्हा विरले ते कळत नाही, तसे या प्रकारात केस केव्हा विरळ झाले ते कळत नाही; एके दिवशी आरशात भांग रुंद झालेला दिसतो एवढेच. याच्या इतिहासासाठी पुन्हा ॲरिस्टॉटलच्या खच्ची पुरुषांकडे जावे लागते. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन याने लहानपणीच वृषणग्रंथी गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा पुरुषांना टक्कल पडलेले नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे गेले नाहीत. म्हणजे केवळ संप्रेरक पुरेसे नाही आणि केवळ वारसाही पुरेसा नाही. दोन्ही एकत्र यावे लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या निरीक्षणाचा अर्थ अशा रीतीने विसाव्या शतकात लागला. हॅमिल्टनने १९५१ साली पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या आखून दिल्या.

स्त्रियांसाठी मात्र तशी सर्वमान्य झालेली आखणी व्हावयास १९७७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एरिक लुडविग या जर्मन डॉक्टराने स्त्रियांतील या विरळपणाचे तीन टप्पे वर्णिले. कपाळावरील केसांची रेघ जागच्या जागी राहते आणि माथ्यावरचे केस बारीक व विरळ होत जातात, हे त्याचे मुख्य लक्षण. प्राचीनांच्या दृष्टीतून जे निसटले ते हेच होते. कपाळ मागे सरत नाही, म्हणून पाहणाऱ्याला टक्कल दिसत नाही. आणि बाई डोक्यावर पदर घेत असेल किंवा अंबाडा घालीत असेल, तर घरच्यांनाही ते वर्षानुवर्षे दिसत नाही. या प्रकारच्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले नसते, असे पुढे दिसून आले. त्यामुळे पुरुषांच्या रोगाचे नाव त्याला न लावता, स्त्रियांच्या धाटणीची केसगळती असे निराळे नाव आज वापरतात. काही स्त्रियांत मात्र ते प्रमाण खरोखर वाढलेले असते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून बीजकोशांच्या ज्या विकाराची ओळख पटली तो आज पीसीओएस या आद्याक्षरांनी शाळेतल्या मुलींनाही माहीत आहे. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव आणि डोक्यावर विरळपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून वैद्यकीय तपासणीकडे वळावे.

उपचाराच्या इतिहासातही स्त्रीचा नंबर मागूनच लागला. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते पोटात घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले, तेव्हा त्याचा हा दुसरा उपयोग सुचला. डोक्याला लावण्याचे औषध म्हणून अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने त्याला पुरुषांसाठी १९८८ साली आणि स्त्रियांसाठी १९९१ साली परवानगी दिली. तीन वर्षे म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे. परंतु हॅमिल्टन व लुडविग यांच्यामधील सव्वीस वर्षांशेजारी ती तीन वर्षे ठेवून पाहिली म्हणजे प्रवासाची दिशा ध्यानात येते.

तिसरा प्रकार असा की, ज्यात केस हे केवळ चाकर असतात आणि दुखणे धन्याचे असते. गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की अंग सुजते, थंडी सोसत नाही, बुद्धी जड होते, कातडी कोरडी पडते आणि केस गळतात. लंडनच्या विल्यम गल याने १८७३ साली प्रौढ स्त्रियांतील या अवस्थेचे वर्णन केले. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला, आणि ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. या उपचाराने अशा रुग्णांच्या डोक्यावर पुन्हा केस येतात. त्यापूर्वी अशा स्त्रियांना आळशी आणि मंद म्हणून घरोघर बोलणी खावी लागली असतील. पण त्यांच्या नशिबात तो अर्क आला नव्हता एवढेच खरे.

दुसरे धन्याचे दुखणे म्हणजे रक्तातील लोहाची उणीव. १९६३ साली स्वीडनमधील हॉर्ड या डॉक्टराने असे मांडले की, पंडुरोग उघड दिसत नसताही केवळ लोहाच्या कमतरतेने स्त्रियांचे केस सर्व डोक्यावरून विरळ होऊ शकतात. लोह आणि केस यांचा संबंध नेमका किती, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातील १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, एवढेच आम्ही सांगतो. ज्या घरात बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, तेथे तिच्या गळणाऱ्या केसांसाठी परगावाहून तेल मागविण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते पाहावे, आणि रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी. केसांचा प्रश्न सुटला नाही तरी रक्ताचा सुटेल, आणि तो अधिक मोलाचा आहे.

केस बांधण्याच्या रीतीनेही केस जातात. १९०७ साली ग्रीनलंडमधील स्त्रियांत याचे प्रथम वर्णन झाले. तेथील स्त्रिया केस घट्ट ओढून डोक्यावर बांधीत, आणि त्यांच्या कपाळाच्या कडेने व कानशिलांवर केस नाहीसे होत. पुढे निरनिराळ्या देशांत हाच प्रकार आढळला, आणि दाढीचे केस घट्ट बांधणाऱ्या शिखांतही तो आढळला. ताण थोडे दिवस असेल तर केस परत येतात. वर्षानुवर्षे असेल तर मूळच मरते. घट्ट वेणी घातली म्हणजे केस वाढतात असे आपल्याकडे लहान मुलींना सांगतात. केस वेणीने वाढत नाहीत. घट्टपणाने मात्र ते जाऊ शकतात.

मग चाई. डोक्यावर एकाएकी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने त्याचे वर्णन केले होते. एकोणिसाव्या शतकात हे कृत्य जंतूंचे की मज्जातंतूंचे यावर युरोपात जोराचे वाद झाले, आणि जंतूंच्या बाजूचा जोर असेपर्यंत चाई पडलेल्या माणसाजवळ बसण्यासही लोक भीत. आज असे समजले आहे की शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. २०२२ साली अमेरिकेत त्याच्या तीव्र प्रकारासाठी बॅरिसिटिनिब हे पोटात घेण्याचे औषध मान्य झाले. चाई पडलेल्या मुलीला वर्गात निराळी बसविण्याचे मात्र कोणत्याही शास्त्राने कधी सिद्ध केलेले कारण नाही.

येथवरची कारणे शरीराची आहेत. परंतु स्त्रीच्या केसांचा इतिहास महाराष्ट्रात सांगावयाचा आणि केशवपनाचा उल्लेख टाळावयाचा, हे आम्हाला जमणार नाही. ज्या स्त्रीचे केस कोणत्याही रोगाने गळले नव्हते, तिचे केस नवरा मेला म्हणून वस्तऱ्याने उतरविले जात. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या १८९० च्या पुढील वर्षांतील कादंबरीत यमूवर हा प्रसंग येतो, आणि तो वाचून त्या पिढीतील अनेक वाचकांची झोप उडाली. १८९० सालीच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून, यापुढे विधवांचे केस उतरविणार नाही असा ठराव केला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून आलेला हा ठराव होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे आम्हाला या इतिहासातील फार मोठे कृत्य वाटते. रूढी पुढे ओसरली. परंतु तिने आपल्या मनात जो एक संबंध पक्का करून ठेवला तो ओसरला नाही. केस म्हणजे सौभाग्य, आणि केस नसलेली बाई म्हणजे काहीतरी अशुभ, हा तो संबंध. केस गळणारी मुलगी आजही डोक्यावर रुमाल बांधून बाहेर पडते आणि तिचा भाऊ त्याच अवस्थेत बिनघोर हिंडतो, याचे मूळ येथे आहे.

आणखी एक कारण उरले, ते विषाचे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत चेहऱ्यावरची लव काढण्यासाठी कोरेम्लू नावाचे मलम विकले जात होते. त्यात थॅलियम हे विषारी द्रव्य होते. ज्या स्त्रियांनी ते ओठावर लावले त्यांच्यापैकी अनेकींच्या डोक्याचे केस गेले, पायांतील शक्ती गेली, काहींची दृष्टी अधू झाली. १९३२ साली ती कंपनी दिवाळ्यात निघाली. परंतु सौंदर्यप्रसाधनांवर तोवर तेथे सरकारचा अंमलच नव्हता. तो १९३८ च्या कायद्याने आला, आणि त्या कायद्यासाठी जे लोकमत तयार झाले त्यात या मलमाच्या कहाणीचा भाग होता. चीनमधील एन्शी या डोंगराळ भागात १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली. जमिनीत आणि तेथल्या दगडी कोळशात सेलेनियम हे मूलद्रव्य फार होते. अवर्षणाने भात बुडाला आणि लोक त्या जमिनीतील मका व भाजीपाला अधिक खाऊ लागले. २००८ साली अमेरिकेत एका पौष्टिक द्रवात सेलेनियम चुकीने शेकडो पटींनी जास्त पडले, तेव्हाही घेणाऱ्यांचे केस गेले. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते. फार झाले की तेच केस पाडते. केस वाढावेत म्हणून मनाने पौष्टिक गोळ्या घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि ही गोष्ट आपल्या दाराशीही आली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने हातात येऊ लागले. लहान मुले, तरुण मुली, वृद्ध, कोणीही सुटले नाही. प्रथम पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरील कामामुळे ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, त्यांनी तेथील रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातील गहू तपासून घेतले आणि असा निष्कर्ष मांडला की, स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या, पंजाबकडील गव्हात सेलेनियम फार आहे आणि तेच याचे कारण होय. पंजाबात नवांशहर व होशियारपूर या पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम अधिक आहे, हे शेतकी संशोधकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. एन्शीतही केसांबरोबर नखेच गेली होती.

या प्रकरणात केस पुष्कळांचे परत आले. पण मधल्या काळात काय घडले? शिक्षण खोळंबले, ठरलेली लग्ने अडली, आणि लाज चुकविण्यासाठी काहींनी आपणच डोके उतरवून घेतले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले. विचार करा. गहू पिकला एका प्रांतात, वाटला गेला दुसऱ्या प्रांतात, दळला गेला गिरणीत आणि भाकरी-पोळी झाली सगळ्या घरासाठी. त्या घरातील मुलीचा यात अपराध कोणता? तरीही जी सोयरीक अडली त्यात गव्हाची चौकशी कोणी केली नसेल. मुलीच्या डोक्याकडेच पाहिले असेल.

ॲरिस्टॉटलपासून शेगावपर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. केस गळतात ते तापाने, बाळंतपणाने, घराण्याच्या वारशाने, ग्रंथींच्या मंदपणाने, रक्ताच्या उणिवेने, घट्ट बांधण्याने, आपल्याच रक्षकांच्या चुकीने किंवा अन्नातील विषाने. यांतील बहुतेक कारणे ओळखता येतात, आणि कित्येक बरी करता येतात. मात्र घट्ट बांधण्याच्या किंवा चिवट चट्ट्यांच्या काही प्रकारांत वेळ दवडला तर मूळच जाते, म्हणून लवकर दाखविण्याला महत्त्व आहे. घरात कोणा मुलीचे, सुनेचे, बहिणीचे केस गळू लागले, तर तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. तीन महिन्यांपूर्वी तिला काय झाले होते? भांग रुंद होत आहे, चट्टा पडला आहे, की सगळीकडून विरळ होत आहे? आणि तिच्या रक्ताची व थायरॉइडची तपासणी केव्हा झाली? या तीन उत्तरांनिशी तिला डॉक्टरकडे न्यावे. त्यांचे निम्मे काम झालेले असेल.

आणि चौथा प्रश्न तिला न विचारता आपण आपल्यालाच विचारावयाचा आहे. तिच्या केसांविषयी गेल्या महिन्यात आपण तिला काय काय बोललो? १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी वस्तरे खाली ठेवले, तेव्हा त्यांच्या पोटाचा एक व्यवसाय बुडत होता. आपल्याला जीभ आवरावयाची आहे, आणि त्यात आपले काहीच बुडत नाही.